परतीचा नांगर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा अठराव्या वर्षी नौदलात भरती झाला. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. मक्याच्या शेतांपलीकडचं जग पेटलंय आणि आपण घरी बसून राहणं बरोबर नाही, एवढंच त्याला कळत होतं. नौदल म्हणजे लांबलचक तोफा, लाटा कापत जाणारी टोकदार नाळ, डौलात फडकणारा झेंडा, असं चित्र त्याने मनाशी धरलं होतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत त्याला त्याचं जहाज दाखवलं, आणि ते चित्र पार विरून गेलं.

समोर उभं होतं ३२८ फूट लांब आणि ५० फूट रुंद असं एक धूड. तळ सपाट, नाळ बोथट, आणि त्या नाळेतच दोन भलेमोठे दरवाजे. वेग ताशी जेमतेम दहा-बारा सागरी मैल. मोठ्या युद्धनौकांना राज्यांची, शहरांची, वीरांची नावं असत; याला नुसता क्रमांक होता. एलएसटी-३२५. एलएसटी म्हणजे रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. खलाशी आपसात त्याला ‘मोठं आणि संथ लक्ष्य’ म्हणत.

या गोष्टीतलं जहाज खरं आहे, त्याच्या तारखा आणि बंदरंही खरी आहेत. मुलगा मात्र कुणी एक नव्हे. अशा जहाजांवर गेलेल्या हजारो कोवळ्या मुलांमधून तो घडवला आहे, म्हणून त्याला नाव दिलेलं नाही.

कामांची वाटणी झाली. कुणाला नाळेजवळची तोफ मिळाली, कुणाला दरवाज्यांची यंत्रणा, कुणाला सुकाणू. मुलाच्या वाट्याला आली पिछाडी. जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला एक मोठा नांगर टांगलेला होता, आणि त्याचा पोलादी दोर गुंडाळणारं एक विंच. ते विंच सांभाळायचं, हे त्याचं काम.

मुलगा चीफकडे गेला. चीफ म्हणजे केस पिकलेला, वीस वर्षं समुद्रावर काढलेला जुना खलाशी.

“चीफ, मला पुढे काहीतरी काम द्या. मागे उभं राहून मला काय दिसणार? सगळे किनारा बघतील, मी फक्त मागचं पाणी बघत बसणार.”

चीफने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “जहाजाला दोन प्रवास असतात, पोरा. एक जाण्याचा, एक येण्याचा. पुढचे लोक जाण्याचं बघतात. येण्याचं तुझ्या हातात आहे.”

मुलाला ते समजूत घालणं वाटलं. त्याने मान हलवली आणि खट्टू होऊन पिछाडीला जाऊन उभा राहिला.

जहाजाला मागे नांगर लागतो कशाला, हे कळायचं तर हे जहाज जन्माला का आलं ते आधी कळायला हवं.

१९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा अडकल्या. जर्मन सैन्य तिन्ही बाजूंनी सरकत होतं. लहान-मोठ्या शेकडो नौकांनी तिथून ३ लाख ३८ हजारांहून अधिक सैनिक सोडवून इंग्लंडला आणले. माणसं वाचली, तोफा, रणगाडे, मोटारी मात्र तिथेच टाकून याव्या लागल्या. ज्या किनाऱ्यावरून माघार घेतली तिथे पुन्हा उतरायचं, तर रणगाडे घेऊनच उतरायला हवं होतं. आणि रणगाडा उतरवायला बंदर लागतं, धक्का लागतो, क्रेन लागते. शत्रू स्वतःचं बंदर आपल्या हाती थोडंच देणार! म्हणून बंदराशिवाय, उघड्या वाळूवर रणगाडे उतरवू शकेल असं जहाज हवं, असा आग्रह ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी धरला.

अडचण मोठी होती. महासागर ओलांडणारं जहाज पाण्यात खोल बसावं लागतं, नाहीतर वादळात ते तग धरत नाही. उथळ वाळूवर चढणारं जहाज पाण्यात वरवर तरंगावं लागतं, नाहीतर ते किनाऱ्यापासून लांबच अडकतं. एकाच जहाजाने या दोन्ही गोष्टी कशा करायच्या? नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाचे जहाजरचनाकार जॉन नीडरमायर यांनी काही तासांत एक कच्चं रेखाटन काढलं. त्यातलं उत्तर साधं होतं. जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या ठेवायच्या. महासागरात असताना त्यांत समुद्राचं पाणी भरून घ्यायचं, म्हणजे जहाज जड होऊन खोल बसेल. किनारा जवळ आला की पंपाने ते पाणी बाहेर टाकायचं, म्हणजे जहाज हलकं होऊन वर येईल. पाणबुडी पाण्याखाली जाण्या-येण्यासाठी जी युक्ती वापरते, तीच इथे वाळूवर चढण्यासाठी वापरायची होती. त्या रेखाटनावरून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत अशी हजाराहून अधिक जहाजं बांधली गेली. त्यांतली बरीचशी समुद्रापासून शेकडो मैल आत, ओहायो आणि इलिनॉय नद्यांच्या काठी उभारलेल्या गोद्यांमध्ये तयार झाली. मुलाच्या स्वतःच्या राज्यात, इव्हान्सव्हिल गावी, एकाच गोदीत १६७ जहाजं बांधली गेली, आणि पुरुष लढाईवर गेले म्हणून तिथे बायकांनीही पोलाद जोडण्याची कामं केली.

रुतणं ही बाकी सगळ्या जहाजांची सगळ्यात मोठी भीती. याचं तेच काम होतं. पूर्ण विचार करून, ठरवून वाळूवर चढायचं. प्रश्न उरतो तो पुढचा: चढलेलं जहाज उतरणार कसं?

त्यासाठीच मागचा नांगर होता.

मार्चमध्ये निघालेलं जहाज अटलांटिक ओलांडून अल्जेरियात ओरानला पोहोचलं. तिथल्या किनाऱ्यावर वाळूवर चढायचा सराव सुरू झाला. रीत अशी होती: किनारा अजून शेकडो फूट लांब असतानाच, खोल पाण्यात मागचा नांगर टाकायचा. जहाज पुढे जात राहील तसा दोर सोडत राहायचं. जहाज वाळूवर टेकलं की दरवाजे उघडायचे, उतरंड खाली सोडायची, रणगाडे बाहेर काढायचे. मग इंजिनं उलटी फिरवायची आणि विंचने दोर ओढून घ्यायचा. मागे खोलात रुतलेल्या नांगराला धरून जहाज स्वतःलाच वाळूवरून मागे खेचून काढतं.

पहिल्याच सरावात मुलगा चुकला. आज्ञा आली, पण त्याची नजर वळून किनाऱ्याकडे लागली होती. समोरची टेकडी, पांढरी घरं, पुढच्या खलाशांचा कल्ला बघण्यात काही क्षण गेले, आणि नांगर पडला तो फार उशिरा, उथळ पाण्यात. जहाज वाळूवर टेकलं. मागून येणाऱ्या लाटा पिछाडीला ढकलू लागल्या. नांगर सैल वाळूत ओढला जात होता, त्याला पकड नव्हती. बघता बघता जहाज आडवं फिरलं आणि किनाऱ्याला समांतर जाऊन पडलं. आता पुढे जाता येईना की मागे. त्याला ओढून काढायला दुसरी नौका बोलवावी लागली.

चीफ रागावला नाही. एवढंच म्हणाला, “किनारा दिसायला लागल्यावर नांगर आठवून उपयोग नाही. तो खोल पाण्यात, सगळं ठीक चाललेलं असताना टाकायचा असतो. गरज पडेल तेव्हा टाकायला वेळ नसतो, आणि टाकला तरी तो धरत नाही.”

पुढच्या खेपेला मुलाने धडा घेतला. नांगर अगदी वेळेवर, खोलात पडला. पण आता त्याच्या मनात भीती बसली होती. दोर निसटेल, नांगर सुटेल, जहाज पुन्हा आडवं होईल, या धास्तीने त्याने विंचचा ब्रेक घट्ट आवळून धरला. दोर ताठ झाला, करकरला, आणि जहाज मधेच अडखळलं. किनारा अजून लांब होता, समोर पुरुषभर पाणी होतं. तिथे उतरंड सोडली असती तर रणगाडे थेट पाण्यात गेले असते. पुन्हा नांगर उचलून, वळसा घालून यावं लागलं.

यावेळी चीफ त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मुलाचा हात ब्रेकवरून जरा सैल केला.

“नांगर पक्का, दोर सैल,” तो म्हणाला. “जो नांगर जहाजाला पुढे जाऊच देत नाही तो काय कामाचा? तुला वाटतं तू जहाज धरून ठेवायला उभा आहेस. नाही. त्याला बिनघोर पुढे जाता यावं म्हणून तू इथे आहेस. तू दोर सोडशील तेवढंच ते जाईल. आणि तू नांगर नीट टाकलास, तरच ते परत येईल.”

त्या दिवसापासून मुलाने किनारा बघायचं सोडलं. तो मागचं पाणी, दोराचा ताण आणि विंचचं चाक बघू लागला.

जुलै १९४३ मध्ये सिसिलीतलं जेला, सप्टेंबरमध्ये इटलीतलं सालेर्नो, असे किनारे येत गेले. मग जहाज इंग्लंडला गेलं. तिथे त्या हिवाळ्यात आणि वसंतात अशी शेकडो जहाजं जमत होती. नांगर असला म्हणजे परत येताच येतं, असं नव्हे, हेही तिथेच सगळ्यांना कळलं. २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ सरावाला निघालेल्या या जातीच्या जहाजांवर जर्मन टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला. दोन जहाजं बुडाली, एक जबर जखमी झालं, शेकडो तरुण थंड पाण्यात गेले. मुलाला अनेक रात्री झोप लागली नाही. तो चीफला म्हणाला, “ते नांगर टाकण्याआधीच गेले.”

“होय,” चीफ म्हणाला. “सगळं आपल्या हातात नसतं. जे आहे, ते आपण चुकू द्यायचं नाही.”

७ जून १९४४. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरल्याचा दुसरा दिवस. एलएसटी-३२५ ओमाहा किनाऱ्यासमोर पोहोचलं. आदल्या दिवशी त्या वाळूवर जी घनघोर लढाई झाली होती, तिच्या खुणा पाण्यावर तरंगत होत्या. माल आणि माणसं उतरवून जहाज इंग्लंडला परतलं, पुन्हा भरलं, पुन्हा आलं.

नॉर्मंडीला भरती-ओहोटीत पाणी सुमारे वीस फूट चढतं-उतरतं. सुरुवातीला अनेकांना भीती होती, की ओहोटीला जहाज पूर्ण कोरड्या वाळूवर बसलं तर त्याचा कणाच मोडेल. पण ही सपाट तळाची जहाजं ते सहन करतात, असं लवकरच ध्यानात आलं. मग भरतीला यायचं, ओहोटीत वाळूवर बसून राहायचं, कोरड्या वाळूवर सगळं उतरवायचं आणि पुढच्या भरतीला निघायचं, अशी रीत पडली. १२ जूनला काढलेल्या एका छायाचित्रात एलएसटी-३२५ असंच वाळूवर बसलेलं दिसतं. त्याचे पंखे आणि सुकाणू उघडे पडले आहेत, आणि पिछाडीला तो नांगर स्पष्ट दिसतो.

अशाच एका दिवशी मुलाने पहिल्यांदा आपल्या जहाजाला पायी चालत फेरी घातली. नाळेकडे गजबज होती. ट्रक गुरगुरत बाहेर पडत होते, वाळूत चाकांचे चर उमटत होते. तो मागे आला. पिछाडीला कुणी नव्हतं. सव्वा वर्ष ज्यावर त्याची नजर होती ते पाणी नाहीसं झालं होतं, आणि एरवी पाण्याखाली असणारं सगळं उघडं पडलं होतं: ओली वाळू, शेवाळ, आणि पोलादाचा तो दोर. आपण रोज काय करतो, हे त्याला त्या क्षणी डोळ्यांनी दिसलं.

तो परत आला तेव्हा उतरंडीवरून उलट्या दिशेने माणसं चढत होती. स्ट्रेचरवरची. रणगाडे ज्या डेकवर उभे असत, त्याच्या दोन्ही भिंतींना स्ट्रेचर टांगायच्या चौकटी बसवलेल्या होत्या. जाताना पोलाद नेणारी ही जहाजं येताना जखमींना आणत. नॉर्मंडीच्या किनाऱ्यांवरून एलएसटींनी ४१ हजारांहून अधिक जखमी इंग्लंडला पोहोचवले.

मुलाने एका स्ट्रेचरचं टोक धरलं. त्यावर त्याच्याच वयाचा एक सैनिक होता. एका डोळ्यावर पट्टी, ओठ कोरडे. जहाज वाळूत रुतलेलं त्याने पाहिलं होतं.

“हे निघेल ना इथून?” त्याने विचारलं.

“निघेल,” मुलगा म्हणाला. “नांगर आधीच टाकलाय.”

सैनिकाने डोळे मिटले. भरती आली, इंजिनं उलटी फिरली, मुलाने विंच सुरू केलं. दोर ताठ झाला, आणि ते अवजड धूड तसूतसूने वाळूवरून मागे सरकू लागलं. त्या दिवशी त्याला कुठल्याही तोफेचा हेवा वाटला नाही.

त्यानंतर एप्रिल १९४५ पर्यंत एलएसटी-३२५ ने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या. २८ डिसेंबर १९४४ रोजी ‘एम्पायर जॅव्हलिन’ हे सैनिक वाहून नेणारं ब्रिटिश जहाज इंग्लिश खाडीत बुडू लागलं, तेव्हा त्यावरच्या सुमारे सातशे जणांना याच जहाजाने वाचवलं. मे १९४५ मध्ये ते मायदेशी निघालं. अटलांटिकच्या वादळात एका प्रचंड लाटेने डेकला तडा गेला. खलाशांनी त्या हेलकाव्यांतच पोलाद जोडून तो सांधला आणि जहाज घरी आणलं.

युद्ध संपलं. बांधलेल्या हजाराहून अधिक जहाजांपैकी शत्रूच्या माऱ्याने गमावलेली अवघी २६ निघाली, आणि वादळ, खडक, अपघात यांनी गेलेली १३. ‘मोठं आणि संथ लक्ष्य’ म्हणून ज्यांची थट्टा झाली, ती बहुतेक सगळी परतली. पुढे ती जगभर पांगली. याच जातीचं ब्रिटनमध्ये बांधलेलं एक जहाज १९४९ मध्ये भारतीय नौदलात आलं आणि ‘आयएनएस मगर’ या नावाने राहिलं. एलएसटी-३२५ ला जुलै १९४६ मध्ये सेवेतून काढलं. १९५१ मध्ये पुन्हा कामाला लावून उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात रडार ठाणी उभारण्यासाठी नेलं. १९६४ मध्ये ते ग्रीसला दिलं. तिथे त्याला पहिल्यांदा नाव मिळालं: ‘सायरॉस’. १९९९ पर्यंत त्याने ग्रीक नौदलाची सेवा केली आणि मग ते क्रीट बेटाजवळ गंज खात उभं राहिलं.

मुलगा घरी परतला होता. त्याने शेती केली, लग्न केलं, मुलं वाढवली. एक सवय मात्र राहिली. जहाजांवरच्या जुन्या सोबत्यांना तो पत्रं लिहीत राहिला, त्यांच्या मेळाव्यांना जात राहिला. कुणी आजारी पडलं तर फोन करायचा, कुणी गेलं तर त्याच्या घरी जाऊन बसायचा. नातीने एकदा विचारलं, “आजोबा, तुम्ही त्यांना इतकं का जपता? युद्ध तर कधीच संपलं.” तो म्हणाला, “म्हणूनच. चांगल्या दिवसांतच जपायचं असतं.”

२००० साली त्या जपण्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

अशा जहाजांवर काम केलेल्या जुन्या खलाशांनी ठरवलं, की आपल्यातलं एक तरी जहाज मायदेशी आणायचं आणि पुढच्या पिढ्यांसाठी जपायचं. ग्रीसमधलं एलएसटी-३२५ त्यांना मिळालं. ते लोक स्वखर्चाने क्रीटला गेले. भर उन्हाळ्यात, तापलेल्या पोलादाच्या पोटात उतरून ते गंज खरवडत होते, नळ बदलत होते, इंजिनं उघडून साफ करत होते. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. त्यांच्यातला एक जण ग्रीसमध्येच वारला. अनेकांनी त्यांना सांगितलं, की अशा जुन्या जहाजातून, या वयात, हिवाळ्यातला अटलांटिक ओलांडणं शहाणपणाचं नाही. ते काम करत राहिले. जहाजाचे भाग त्यांना पाठ होते. हात विसरले नव्हते. एकाला जे आठवत नसे ते दुसऱ्याला आठवे, आणि दोघांनाही आठवत नसे तेव्हा अमेरिकेतल्या कुण्या तिसऱ्या म्हाताऱ्याला फोन जाई.

आपला इंडियानाचा शेतकरी तेव्हा पंचाहत्तरीचा होता. त्यालाही जायचं होतं. पण बायको अंथरुणाला खिळलेली होती. सोबत्यांनी आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, “मी इथेच राहतो. माझं काम मागेच आहे.” त्याने एका वहीत मागच्या नांगराचं सगळं लिहून काढलं: विंच कुठे अडतं, ब्रेक कसा धरायचा, दोर कुठे आधी झिजतो, हवा थंड असताना काय काळजी घ्यायची. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचं सगळं त्याच्या हातातून उतरत गेलं. वही ग्रीसला गेली.

१४ नोव्हेंबर २००० रोजी जहाज क्रीटहून निघालं. जिब्राल्टरला दुरुस्तीसाठी थांबलं. १२ डिसेंबरला तिथून निघून अटलांटिकमध्ये शिरलं. १० जानेवारी २००१ ला अलाबामातल्या मोबील बंदरात पोहोचलं. सुमारे साडेसहा हजार मैलांचा प्रवास त्या वृद्धांनी त्या वृद्ध जहाजातून केला. बंदरात मोठी गर्दी लोटली होती. पुढे २००५ पासून इव्हान्सव्हिल हेच त्याचं घर झालं, जिथे त्याची १६७ भावंडं बांधली गेली होती. आजही ते जहाज लोकांना बघायला मिळतं, आणि अधूनमधून नदीतून फेरीलाही निघतं.

जहाज परतलं त्या दिवशी मोबीलच्या धक्क्यावर नात आजोबांना घेऊन आली होती. सगळे जहाजाची नाळ, ते प्रसिद्ध दरवाजे बघत होते. आजोबा तिला थेट मागे घेऊन गेले.

“आजोबा,” ती म्हणाली, “सगळे किनारे तुमच्या पाठीमागे होते. तुम्ही सगळं युद्ध मागे तोंड करून काढलंत. वाईट नाही वाटलं?”

“सुरुवातीला वाटलं. मग कळलं, की किनाऱ्यावर जायला धाडस लागतं आणि ते तरुणपणी सगळ्यांकडे असतं. परत यायला आधीची तयारी लागते. ती कुणीतरी आधी करून ठेवावी लागते. मी ती करत होतो.”

“आणि आता? हे सगळे इतक्या लांबून जहाज घेऊन आले, त्यांचा नांगर कुठे होता?”

आजोबांनी जहाजावरून उतरणाऱ्या सोबत्यांकडे बोट दाखवलं. कुणी काठी टेकत होता, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. “पन्नास वर्षं एकमेकांना सोडलं नाही ना, तिथे होता. जे शिकलो ते विसरलो नाही, तिथे होता. आज उपयोगी पडेल म्हणून नव्हतं ते केलं. पण तेव्हा केलं, म्हणून आज पडलं.”

ही गोष्ट इथे संपते, पण तिच्यातला बोध आपल्या रोजच्या जगण्याचा आहे. पुढे जा, झेप घे, मागे वळून बघू नकोस, असं आपण मुलांना सतत सांगतो. ते खोटं नाही. वाळूवर चढायला घाबरणारं जहाज कुणाच्याच उपयोगाचं नसतं. पण घर सोडून परगावी, परदेशी निघालेल्या मुलाला, नवा धंदा काढणाऱ्याला, मोठी जोखीम अंगावर घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगायला हवी: निघण्यापूर्वी, सगळं ठीक असतानाच, खोल पाण्यात एक नांगर टाकून ठेव. चार माणसांशी नातं जपून ठेव, हातात एक कसब पक्कं करून ठेव, दिलेला शब्द पाळायची सवय लावून घे. संकट दारात आल्यावर जोडलेलं नातं आणि घाईत शिकलेलं कसब धरत नाही.

आणि जे मागे राहतात, त्या आई-वडिलांसाठी, शिक्षकांसाठी, घरच्या माणसांसाठी या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे. आपण कुणाचा तरी नांगर असतो. प्रेमापोटी, भीतीपोटी दोर आवळून धरला, तर आपलं माणूस किनाऱ्याला पोहोचतच नाही. दोर सोडत राहायला हवं, आणि स्वतः मात्र जागेवर घट्ट राहायला हवं. ते काम मागच्या टोकाचं आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण गेलेलं माणूस परत येतं ते त्या कामाच्याच बळावर. म्हणून ज्याच्या वाट्याला ते काम येईल, त्याने ते कमीपणाचं मानू नये. आणि ज्याला पुढे जायला मिळेल, त्याने आपला दोर कुणाच्या हातात आहे हे कधी विसरू नये.